सैल

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात
शमुवेल उजगरे यांचं गॅरेज आहे,
म्हणजे एक पत्रा, एक बाक
आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडालेले नटबोल्ट.

माझी होंडा एकाहत्तरची. तीनशे पन्नास, दोन सिलिंडर.
जुन्या बाजारातून दोन पोत्यांत आणली होती,
एक पोतं बुधवारी, दुसरं रविवारी.
जोडायला अकरा वर्षं गेली, शाळा सांभाळून.
आता चालते. पण दोन हजार फेऱ्यांवर
पोटातून आवाज येतो,
दानपेटी हलवून बघावी तसा.

अख्ख्या पुण्याने निदान करून झालंय.
सिग्नलला शेजारचा हेल्मेटची काच वर करतो,
"टॅपेट."
पुढच्या सिग्नलला दुसरा,
"विकून टाका."

उजगरेमामांनी फक्त टाकीवर हात ठेवला.
साखळी, म्हणाले. आतली. टायमिंगची.
दिसत नाही ना, म्हणून बोंबलते.

डावीकडचं झाकण उतरवलं.
पाना रोटरच्या नटावर बसवून माझ्या हातात दिला.
"घड्याळाच्या उलटं. हळू. पोराचं डोकं पुसतो तसं."
टी अक्षराची खूण रेघेवर आली.
"आता आणखी पाव फेरा."
कुठेतरी अंधारात पिस्टन खाली उतरला
ते मनगटाला कळलं.

"आता मागचा बोल्ट सैल कर."
म्हटलं, मामा, सैल आहे म्हणूनच तर आलेय.

"आपण ताणायचं नसतं, बाई.
आत स्प्रिंग बसलीये, जपानातून निघाली तेव्हापासनं.
तिची वाट मोकळी करायची.
जेवढा सैल असेल तेवढाच ती घेते,
मग आपण बोल्ट आवळायचा, कडी लावल्यासारखा.
गोखलेनगरचे एक साहेब होते.
त्यांनी हातोडीच्या दांड्याने तिला मदत केली.
महिन्याभरात कॅम खाऊन टाकला साखळीने."

बोल्ट अर्धा आटा सुटला
आणि आत काहीतरी सरकलं,
तांदळाचा एक दाणा सरकावा इतकं.
मला स्वच्छ ऐकू आलं.
मामा बोल्टकडे बघतच राहिले होते,
व्हायचंच आहे अजून, अशा नजरेने.

"झालं," मी म्हटलं.
"झालं का?"

पूर्वी म्हणे क्वार्टर गेटच्या चौकातून वळणारी गाडी
कुणाची, ते इथे बाकावर बसून सांगायचे,
आणि मालकाने तेल कितीदा चुकवलं, तेही.

बोल्ट आवळला. दुसऱ्याच किकला सुरू झाली.
मामांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवला,
मूठ उजव्या कानाला. मग डाव्या.
मग इकडेतिकडे बघून
मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले.

मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. सगळं.

"आहे का अजून?"
होता. थोडा. शिवणयंत्राचा असतो तेवढा.
नाही म्हणणं सोपं होतं, त्यांना कुठे कळणार होतं.
चिमूट दाखवली, एवढा.
मामांचा चेहरा उजळला.
"मग बरोबर. तेवढा असू दे.
एकदम गप्प झाली असती तर परत उघडली असती."

किती द्यायचे, विचारलं.
"उद्या? उद्या बंद. परवा ये."
पुन्हा नाही विचारलं.
दोन नोटा घडी घालून
चौदा नंबरच्या पान्याखाली ठेवल्या.

बिबवेवाडीच्या चढावर, रस्ता मोकळा बघून,
मी दातांवर दात घट्ट धरले
आणि गिअर एक खाली टाकला.
हँडलमधून, खांद्यातून, जबड्यात
काहीतरी येत होतं.
काय, ते अजून नीट सांगता येत नाही.